वादळानंतर दारात येणारे करवतवाले

वादळ ओसरलं की आधी वायरमन येतात, मग पत्रेवाले, आणि त्यांच्या पाठोपाठ करवतवाले. त्यातले बहुतेक पोटासाठी राबणारे असतात, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्यांच्याच वेशात एक वेगळी जात फिरते. त्यांना पडलेल्या झाडाशी देणंघेणं नसतं, त्यांचा डोळा उभ्या झाडावर असतो. तौक्ते चक्रीवादळानंतर आमच्या मुंबईतल्या विलेपार्ल्याच्या घरी असेच लोक येऊन गेले. पावसाळ्याच्या तोंडावर हा प्रकार पुन्हा ऐकू येतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

17 मे 2021 चा सोमवार मुंबईकर विसरणार नाहीत. वादळ मुंबईवर आदळलं नाही, किनाऱ्याला समांतर वर गुजरातकडे गेलं, तरी कुलाब्याला वारा ताशी 114 किलोमीटरवर पोचला आणि सांताक्रूझला 24 तासांत 230 मिलिमीटर पाऊस झाला. तोही मे महिन्यात! आमचं घर पार्ले पूर्वेला, आजोबांच्या वेळचं, बैठं. फाटकाशी गुलमोहर, मागे रायवळ आंबा, पश्चिमेच्या कुंपणाला फणस, आणि दोन नारळ. गुलमोहर मुळासकट आडवा झाला आणि कुंपणाची भिंत घेऊन गेला. यात नवल काही नाही. हे मादागास्करचं झाड, लाकूड ठिसूळ, मुळं वरवर पसरणारी. त्यात शेजारी गटाराचं काम झालं तेव्हा एका बाजूची मुळं तोडली गेली होती. आंब्याची एक जाड फांदी मोडून लोंबत राहिली. फणसाचं मात्र पान हललं नाही, असं बाबा फोनवर म्हणाले.

फोनवर, कारण मी डोंबिवलीला आणि तेव्हा लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांना होती. घरी बाबा, आई आणि काकू, तिघंही सत्तरीच्या पुढचे. पालिकेच्या 1916 या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली होती. पण शहरभर झाडं रस्त्यांवर, गाड्यांवर पडलेली, ती आधी उचलली जाणार हे उघड होतं. आमचं झाड खाजगी आवारातलं, रस्ता अडलेला नाही. म्हणजे रांगेत शेवट.

आणि मग ते आले. पिवळे चमकणारे जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, हातात पेट्रोलची करवत, दोरखंड. पुढारी चाळिशीतला, बोलायला गोड. "वॉर्डातून यादी घेऊनच निघालोय काका," एवढंच म्हणाला. आपण पालिकेचे आहोत असं तो एकदाही म्हणाला नाही. नंतर आम्ही त्याचं एकेक वाक्य आठवून पाहिलं, तेव्हा हे लक्षात आलं. गुलमोहराचे साडेचार हजार सांगितले, घासाघीस करून चार हजारांत तयार झाला, आणि काम अगदी चोख केलं. खोडाचे हातभर तुकडे, फांद्या बांधून बाहेर, अंगण झाडून स्वच्छ. वर छापील पावती. बाबा बँकेतून निवृत्त झालेले, पावती दिसली की त्यांचा जीव भांड्यात पडतो. आईने सगळ्यांना चहा दिला.

हे पहिलं काम म्हणजे आमिष होतं. जाता जाता त्याने आवारात एक चक्कर मारली आणि फणसाच्या बुंध्याला कवेत घेऊन पाहिलं. काकूंना वाटलं, झाडांवर प्रेम असलेला माणूस दिसतोय. तो घेर मोजत होता.

चार-पाच दिवसांनी फणसाची पश्चिमेकडची पानं करपली. तांबूस, मग तपकिरी, जाळ लागल्यासारखी. आंब्याचीही त्याच बाजूची. त्याच सुमारास हा पुन्हा हजर. "तुम्हाला घाबरवत नाही काका, पण हे बघा, समुद्राकडून जळत आलंय. मुळं तुटली की असं होतं. येत्या पावसात स्वयंपाकघरावर येणार." मग बुंध्याजवळच्या मातीत पहार घातली. एवढ्या पावसानंतर ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. "बघितलंत? खाली धरून ठेवायला काही राहिलंच नाही." एका फटीतून भुसा काढून दाखवला, म्हणाला भिरूड, म्हणजे खोड पोखरणारा किडा, लागलाय. तो भुसा भिरुडाचा होता की त्याच्याच करवतीचा, देव जाणे.

करपलेल्या पानांची खरी गोष्ट अशी. किनाऱ्याजवळून वादळ जातं तेव्हा वारा समुद्राचं खारं पाणी बारीक तुषार करून आत आणतो. मीठ पानांवर बसतं, पानातलं पाणी ओढून घेतं, त्यात वाऱ्याचे फटके. म्हणून वाऱ्याच्या बाजूची पानं भाजल्यासारखी होतात. पान जातं, झाड जात नाही. फांदीच्या टोकाची साल नखाने खरवडून बघायची. आत हिरवं आणि ओलसर लागलं तर फांदी जिवंत आहे. झाड खरोखर धोक्यात असेल तर खुणा वेगळ्या असतात: बुंध्याभोवती जमीन उचलली जाते, वाऱ्याकडच्या बाजूला मातीत भेग पडते, आधी सरळ असलेलं खोड कललेलं दिसतं, मुळाशी अळंबी उगवते. आमच्या फणसाला यातलं काहीही नव्हतं. पण सत्तरीतल्या तीन माणसांना, समोर भिंत पडलेली दिसत असताना, "स्वयंपाकघरावर येणार" एवढे दोन शब्द पुरे होतात.

फणस तोडायचा सौदा ठरला 38 हजारांना. त्यातले 12 हजार म्हणे परवानगीचे. "तातडीची परवानगी मी आणून देतो, तुम्ही म्हातारपणी कुठे खेटे घालणार?" दुसऱ्या दिवशी कागद आला. लेटरहेड, शिक्का, जावक क्रमांक, सगळं जागच्या जागी. 25 हजार आगाऊ मागितले, मोबाइलवरून पाठवायला लावले, आणि ज्या नावावर गेले ते त्याचं नव्हतं. "भावाचं खातं आहे." असं कुणी म्हणालं की तिथेच थांबावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गुलमोहर त्यांनी हातभर तुकड्यांत कापला होता, कारण ते जळण. फणस मात्र वरून दोर लावून, सावकाश उतरवला आणि बुंध्याचे सहा-सात फुटांचे सरळ ओंडके केले. फणसाचं लाकूड पिवळंधमक, टिकाऊ. कोकणात दारं, खांब, फर्निचर त्याचं करतात. इतक्या जुन्या बुंध्याला वखारीत चांगला भाव येतो. नंतर एका सुताराने घेर ऐकून सांगितलं की आम्ही त्यांना जेवढे दिले त्याहून जास्त त्यांना नुसत्या लाकडाचे मिळाले असतील. म्हणजे आमचं झाड नेण्यासाठी आम्हीच त्यांना पैसे मोजले! संध्याकाळी टेम्पो आला, ओंडके आधी चढले. फांद्या, पाला, कोवळे फणस अंगणात तसेच. "उरलेलं उद्या." उरलेले 13 हजारही त्याने तिथेच उभं राहून घेतले, पोरांना पगार द्यायचाय म्हणून. नंतर फोन बंद.

सडणाऱ्या फणसांवर माश्या घोंगावू लागल्या, पाल्याने गटार तुंबलं, तो उचलायला वेगळे पैसे गेले. आणि त्या आठवड्यातच पालिकेच्या उद्यान खात्याचा माणूस दारात. कुणीतरी तक्रार केली होती, आणि योग्यच केली होती. त्याने कागद बघितला, फोटो काढून ऑफिसात पाठवला, आणि थोड्या वेळाने सांगितलं की हा जावक क्रमांक रजिस्टरमध्ये नाही. 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय झाड तोडणं हा गुन्हा आहे, त्यात दंडाबरोबर कैदेचीही तरतूद आहे. आणि जमीन ज्याची, त्याला जाब द्यावा लागतो. बाबांच्या नावाने नोटीस निघाली. आयुष्यात सिग्नल न मोडलेला माणूस. रात्रभर झोपले नाहीत. पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत आणि पैसे गेल्याचा पुरावा जोडून खुलासा दिला, तेव्हा प्रकरण थंडावलं. पैसे आले नाहीत. खातं कुणा तिसऱ्याचंच निघालं. टेम्पोचा नंबर कुणी लिहून घेतला नव्हता.

जूनच्या पावसात आंब्याच्या त्याच करपलेल्या बाजूला तांबूस पालवी फुटली.

आंब्याची मोडकी फांदी तोवर लोंबतच होती. तिच्यासाठी रीतसर अर्ज केला. खाजगी आवारातली छाटणी मालकाने आपल्या खर्चाने करायची असते, पण परवानगी घेऊनच. उद्यान खात्याकडून पाहणीला माणूस आला, झाड सगळीकडून बघून म्हणाला, एवढीच फांदी काढा, शेंडा मारू नका, शेंडा मारलेलं झाड पुढे कमजोर फुटतं. परवानगीचा कागद आम्ही स्वतः वॉर्ड ऑफिसातून घेतला. पैसे भरायचे असतील ते तिथल्याच खिडकीवर भरून पावती घ्यायची असते, झाड तोडणाऱ्याच्या हातात नाही. कुणी परवानगी आणून दिलीच, तर जावक क्रमांक त्याच ऑफिसात विचारून खात्री करा, मगच करवतीला हात लावू द्या.

आणि काम ठरवताना एक ओळ कागदावर लिहून घ्या: लाकूड कुणाचं. माझ्या मावसभावाच्या दहिसरच्या घरी त्याच जून महिन्यात एकजण जांभूळ बघायला आला होता. तेच जॅकेट, तीच पहार, तेच "घाबरवत नाही काका". मावसभावाला आमची हकीकत माहीत होती. तो म्हणाला, "तोडा, पण ओंडके आमच्या अंगणात राहतील." त्या माणसाने खिशातून मोबाइल काढला, कुणाशी तरी बोलल्यासारखं केलं, आणि दुसऱ्या साइटवर अर्जंट काम निघालंय म्हणून निघून गेला.