गिरण्यांवरचा प्रकल्प: ग्रंथालय गाठायचं की घरी बसून शोधायचं?

मुंबईच्या कापडगिरण्या हा विषय घेतलेली मुलं दरवर्षी विचारतात, "सर, सगळं नेटवर मिळेल ना?" मी उलट विचारतो, "कुठल्या सालचं हवंय?" ग्रंथालय की इंटरनेट, हे खरं तर त्यावरच ठरतं.

स्वातंत्र्यापूर्वीचं हवं असेल तर खुशाल घरी बसा. कावसजी दावरांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. तिथपासूनच्या काळातले सरकारी कागद आता प्रताधिकारातून (कॉपीराइटमधून) मोकळे झालेत, त्यामुळे बरेच स्कॅन होऊन पडलेत. १९०९-१० चं मुंबई शहराचं गॅझेटिअर आणि १९३१ चा व्हिटली कमिशनचा, म्हणजे भारतातल्या कामगारांवरच्या ब्रिटिश आयोगाचा, अहवाल इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतात. कमिशनच्या मुख्य अहवालापेक्षा साक्षींचे खंड आधी उघडा. मालक काय म्हणाले, अधिकारी काय म्हणाले, संघटना काय म्हणाल्या, सगळं तिथं आहे. एशियाटिक सोसायटीचं 'ग्रंथ संजीवनी' हे संकेतस्थळही चाळा.

एक खाच आहे. शोधताना इंग्रजीत आजची स्पेलिंगं टाकली तर हाती फारसं लागत नाही. पुण्याऐवजी 'पूना', सोलापूरऐवजी 'शोलापूर' लिहायचं. जुन्या छपाईचा मराठी मजकूर तर यंत्राला धड वाचताच येत नाही, म्हणून मराठी शब्द टाकून काही सापडलं नाही म्हणजे ते नाहीच, असं समजू नका.

खरी पंचाईत १९५० ते १९९० या काळाची. यातलं बरंचसं साहित्य प्रताधिकारातून सुटण्याइतकं जुनं नाही आणि मुळातच संगणकावर तयार होण्याइतकं नवंही नाही. नेमका याच पोकळीत १८ जानेवारी १९८२ चा संप येतो. कामगार नेते दत्ता सामंतांच्या हाकेवर सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, पण तेव्हाची मराठी वर्तमानपत्रं घरबसल्या वाचायला मिळतील या भ्रमात राहू नका. त्यांच्या बांधीव फायली ग्रंथालयातच बघाव्या लागतात. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि आकडे, अहवाल यांसाठी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचं ग्रंथालय, इथून सुरुवात करा. जुन्या ग्रंथालयांत सहसा कपाटं आपल्याला उघडू देत नाहीत, चिठ्ठी लिहून द्यावी लागते. एकदा मी चिठ्ठीवर साल चुकवलं आणि अर्धा दिवस दुसऱ्याच वर्षीच्या निवडणुका वाचत बसलो.

या काळापुरते नेटवरचे दोन आधार मात्र पक्के. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चे त्या वर्षांतले लेख जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावर आहेत आणि फुकट खातं उघडलं की महिन्याला ठरावीक लेख वाचता येतात. दुसरं शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा. तिथला गिरणगावावरचा प्रबंध अख्खा वाचायची गरज नाही, शेवटची संदर्भसूची उतरवून घ्या. तीच यादी ग्रंथालयात चिठ्ठ्या भरायला कामी येते.

२००० नंतरच्या भागासाठी ग्रंथालयात चकरा मारणं म्हणजे प्रवासखर्च वाया. गिरण्यांच्या जमिनींबद्दलची १९९१ ची नियमावली, २००१ ची दुरुस्ती, सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल, राज्याची आर्थिक पाहणी, सगळं घरबसल्या मिळतं. इथं अडचण कागद मिळण्याची नाही, तो नीट वाचण्याची आहे. केंद्र सरकारची वार्षिक उद्योग पाहणी मुख्यतः नोंदणीकृत कारखान्यांची असते: १९४८ च्या कारखाना कायद्यातली मूळ अट वीज वापरणारे असतील तर किमान १० कामगार, नसतील तर २०, अशी होती. भिवंडीतली चार-सहा जणांची यंत्रमागाची शेड त्यात येत नाही. म्हणून पाहणीत कामगार घटलेले दिसले तर सगळे बेकार झाले असं लगेच लिहू नका, काहींचं काम भिवंडीला गेलेलं असू शकतं.

तेव्हा विषय फक्त जमिनींचा असेल तर ग्रंथालय सोडलं तरी चालेल. संपाचा असेल तर नाही चालणार, मग मार्गदर्शक काहीही म्हणोत. आणि जायचंच असेल तर कॉलेजचं सही-शिक्क्याचं पत्र पहिल्याच दिवशी मागून ठेवा. अनेक ठिकाणी बाहेरच्यांना त्याशिवाय आत बसू देत नाहीत, आणि ऑफिसात त्या कागदावर शिक्का पडायला किती दिवस लागतात ते तुम्हाला ठाऊक आहेच.