लाकडी युनिट ठोकळे: अडीच वर्षांच्या वापरानंतर

लेक दोन वर्षांची झाली तेव्हा साठ नगांचा लाकडी ठोकळ्यांचा संच घेतला. आता ती साडेचार वर्षांची आहे. मधल्या काळात निम्मी खेळणी कुणाकुणाला देऊन टाकली, पण ठोकळ्यांची पेटी पहिल्या दिवशी जिथे ठेवली तिथेच आहे. घेताना मला जे वाचायला हवं होतं ते कुठे सापडलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ठोकळे बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचे आहेत, रंग न दिलेले, कडा किंचित गोल केलेल्या. पूर्ण ठोकळा १४० मिलिमीटर लांब, ७० रुंद आणि ३५ जाड. जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी. हे प्रमाण अमेरिकन शिक्षिका कॅरोलिन प्रॅट यांच्या ठोकळ्यांचं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी त्यांनी न्यूयॉर्कमधल्या आपल्या शाळेत ते वापरात आणले, आणि आजही 'युनिट ब्लॉक्स' म्हणून विकले जाणारे संच बहुधा याच प्रमाणात असतात. संच निवडताना खोक्यावरचं चित्र बघू नका, माप बघा. दोन अर्धे जोडले की बरोबर एक पूर्ण व्हायला हवा, दोन पूर्ण मिळून एक दुहेरी. यात थोडी जरी चूक असली तरी तिसऱ्या मजल्यावर बांधकाम डुगडुगतं आणि मुलाला वाटतं, आपलंच चुकलं. आमच्या संचात माप चोख आहे, आणि माझ्या लेखी ही त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

पहिला महिनाभर तिने एकही मनोरा रचला नाही. ठोकळे पिशवीत भरायचे, दुसऱ्या खोलीत नेऊन ओतायचे, पुन्हा भरायचे. एक पूर्ण ठोकळा साधारण पाव किलोचा. तीन ठोकळे दोन्ही हातांनी पोटाशी कवटाळून, पाय फाकवून ती चालायची आणि उंबरठ्यापाशी थांबून आधी खाली बघायची. मी दोन-तीनदा मनोरा करून दाखवला. तिने तो पाडला आणि ठोकळे पिशवीत भरले. मला वाटलं, खरेदी फुकट गेली.

मग वाचनात आलं की हॅरिएट जॉन्सन या शिक्षिकेने १९३३ मध्ये मुलांच्या ठोकळ्यांच्या खेळाच्या पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत, आणि त्यातली पहिली पायरी नुसती ने-आण हीच आहे. त्यानंतर रचणं, मग पूल, मग चारी बाजूंनी बंदिस्त जागा, मग नक्षी, मग बांधलेल्याला नाव देणं, आणि शेवटी खरीखुरी ठिकाणं उभारून त्यात खेळ मांडणं. हे वाचलं त्या दिवसापासून मी करून दाखवणं बंद केलं.

पुलाचं सांगते, कारण तो मी शेजारी बसून पाहिला. तिसऱ्या वाढदिवसाला दोन महिने होते. दोन ठोकळे उभे ठेवायचे आणि वर एक आडवा, एवढंच. पण उभ्या दोघांत अंतर जास्त पडायचं आणि आडवा मधून खाली जायचा. ती प्रत्येक वेळी आडव्या ठोकळ्याकडेच बघायची, जणू चूक त्याची आहे. तो बदलून बघितला, उलटा करून बघितला, जोरात दाबून बघितला. आठ-नऊ दिवस रोज हेच. माझे हात शिवशिवायचे, पण मी मांडीखाली दाबून ठेवले. एका सकाळी आडवा ठोकळा पुन्हा पडला, तेव्हा ती पहिल्यांदा खालच्या दोघांकडे बघत थांबली. बराच वेळ थांबली. मग डावा उभा ठोकळा एका बोटाने, अगदी हळू, उजव्याकडे सरकवला. आडवा वर ठेवला. राहिला. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, लगेच मोडला आणि पुन्हा केला. त्या सकाळी सलग अकरा वेळा केला.

मुलांची वाढ तपासताना तीन छोट्या घनांचा पूल करून दाखवतात आणि मुलाला तसाच करायला सांगतात. साधारण तीन वर्षांच्या मुलाला तो जमतो. पण तपासणीत जमलं की नाही एवढंच कळतं. तिने बोटाने ठोकळा सरकवण्याआधी जे थांबणं होतं, ते मला घरी, जमिनीवर बसून बघायला मिळालं.

त्या काळात मी मोबाइलवर वाढीच्या टप्प्यांची यादी भरत असे आणि प्रत्येक रिकामी चौकट मनाला लागायची. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने ही यादी २०२२ मध्ये सुधारली. आता त्यात वयापुढे तीच गोष्ट लिहिलेली असते जी त्या वयापर्यंत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक मुलांना जमणं अपेक्षित आहे. चार वर्षांपुढे लिहिलंय, शरीराचे तीन किंवा अधिक भाग असलेला माणूस काढणं. चौथा वाढदिवस उलटला तरी लेक गोलापुढे जात नव्हती. मी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी तिला खडू देऊन बघितलं आणि थोडं थांबू या म्हणाले. दोन महिन्यांनी कागदावर माणूस उमटला, हात थेट डोक्यातून निघालेले. यादी कामाची आहे आणि शंका आली तर डॉक्टरांना विचारावंच. मुलाला आधी येत असलेलं काही येईनासं झालं तर अजिबात थांबू नये. पण यादीतल्या दोन टप्प्यांच्या मध्ये जे घडतं, ते बघण्यासाठी मला या ठोकळ्यांइतकं काही उपयोगी पडलं नाही.

भाषासुद्धा ठोकळ्यांतूनच वाढताना ऐकली. आधी नुसतं 'पडलं'. मग 'मी पाडलं नाही, ते पडलं'. साडेतीन वर्षांची असताना कापडी हत्तीसाठी घर बांधलं आणि मला बजावलं, "आई, हे दार नाही, खिडकी आहे. हत्ती दारातून जातो, खिडकीतून फक्त बघतो." मनोरा कोसळला की अडीच वर्षांची असताना ती ठोकळा भिरकावायची. आता खाली बसते आणि म्हणते, "खाली जाड पाहिजे होता." गेल्या महिन्यात पूर्ण ठोकळे संपले तेव्हा दोन अर्धे शेजारी लावून ती पुढे निघून गेली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आता तक्रारी. पेटी चांगली नाही. झाकण जड आहे आणि सोडलं की धाडकन बंद होतं. दुसऱ्याच आठवड्यात तिचं बोट सापडलं, नख काळंनिळं झालं. आम्ही झाकण काढूनच टाकलं. विक्रेत्याला कळवलं, उत्तर आलं नाही. दोन त्रिकोणी ठोकळ्यांच्या कडा खरखरीत होत्या, त्या घरी पॉलिश पेपरने घासून घेतल्या. म्हणून आल्या आल्या प्रत्येक ठोकळ्यावरून स्वतःचा तळवा फिरवा. फरशीवर आवाज भयंकर होतो, खाली जाड सतरंजी लागतेच. आणि धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करा. एक ठोकळा रात्रभर बादलीत राहिला, फुगला, वाळल्यावर त्याला चीर पडली. तो बाजूला काढावा लागला.

तीन वर्षांखालचं मूल असेल तर सगळ्यात छोटा नग तपासा. तोंडात जाऊन घशात अडकेल असे भाग ओळखायला ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात, त्यात पूर्ण मावणारी वस्तू या वयासाठी धोक्याची धरतात. आमच्यातला सगळ्यात छोटा नगही ३५ मिलिमीटर जाड आहे, म्हणून मी निर्धास्त होते. याच प्रमाणातले पण आकाराने बारके संच मिळतात, त्यांत हे आधी बघून घ्या.

साठ नग दोन वर्षांच्या मुलाला भरपूर झाले, चार वर्षांनंतर अपुरे पडतात. वाढवायचे तर कमानी आणि नक्षीदार तुकड्यांच्या मागे लागू नका, आमच्याकडे ते पेटीच्या तळाशीच असतात. पूर्ण आणि दुहेरी ठोकळे घ्या. परवा तिने खोलीच्या एका भिंतीपासून रस्ता सुरू केला आणि तो मध्यावरच संपला. शेवटच्या ठोकळ्यापाशी हत्तीला उभं करून म्हणाली, "याला आता थांबावं लागेल. पुढचा रस्ता यायचाय." वीस पूर्ण ठोकळे मागवले आहेत.