१:१० प्रमाणातलं व्ही-२ रॉकेट: सात महिने बांधणी आणि नंतरचे अकरा महिने

बांधायला सात महिने लागले आणि गेले अकरा महिने व्ही-२ चं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन क्षेपणास्त्राचं, हे मॉडेल माझ्यासमोर उभं आहे. खोका उघडल्या उघडल्या लिहिलेली परीक्षणं भरपूर सापडतात. सांधे आवळून, रंग वाळून वर्ष होत आल्यावर त्याचं काय होतं हे मला विकत घेण्याआधी वाचायला मिळालं नव्हतं. ते इथे सविस्तर लिहितो.

आधी आकार. मूळ रॉकेट १४ मीटर उंच, सर्वांत जाड जागी १.६५ मीटर व्यासाचं, आणि फिनच्या (शेपटीकडच्या पंखाच्या) टोकापासून समोरच्या फिनच्या टोकापर्यंत ३.५६ मीटर. म्हणजे मॉडेल १ मीटर ४० सेंटिमीटर उंच, दहा-अकरा वर्षांच्या मुलाएवढं. वजनाचा हिशेबही करून बघा: मूळ रॉकेट इंधन भरल्यावर साडेबारा टनांच्या पुढे जायचं आणि त्यातलं जवळजवळ पावणेनऊ टन नुसतं अल्कोहोल आणि द्रव ऑक्सिजन. रिकामं रॉकेट साधारण ४ टनांचं. लांबी दहापट कमी म्हणजे वजन हजारपट कमी, त्यामुळे नेमकं प्रमाण धरलं तर मॉडेल ४ किलोचं व्हायला हवं. माझं ५ किलो २०० ग्रॅम भरलं. प्लायवूड, पुटी आणि रंग वापरूनही मी मूळच्या प्रमाणापेक्षा जड ठरलो, यावरून ते यंत्र आकाराच्या मानाने किती हलकं बांधलं होतं ते हातालाच कळलं. पातळ पोलादी पत्रा, आत कड्या आणि उभ्या पट्ट्या, आणि मध्ये दोन टाक्या. बस.

किटमध्ये प्लायवूडच्या गोल चकत्यांचा सांगाडा, त्यावर बसणारी स्टायरीनची दोन अर्धी कवचं, थ्री-डी प्रिंट केलेलं नाक आणि रेझिनचं इंजिन आहे. मूळ रॉकेटचा मधला भागही दोन अर्ध्या कवचांचाच असायचा, त्यामुळे ही रचना मला मनापासून आवडली. एका बाजूचं कवच चुंबकांवर बसतं आणि काढता येतं. पैसे वसूल होतात ते याच एका गोष्टीमुळे.

फिनच्या खाचा मात्र अर्धा मिलिमीटर सैल आहेत. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण मुळाशी अर्धा मिलिमीटर सरकलेली फिन टोकाला स्पष्ट तिरकी दिसते. मी पहिली फिन नुसत्या नजरेने चिकटवली आणि दोन दिवसांनी करवतीने सोडवली. मग छताला ओळंबा बांधला, सांगाडा त्याखाली उभा केला आणि चारही फिन गुण्या लावून बसवल्या. एकेका फिनला एक संध्याकाळ दिली. खाचांत पातळ कार्डाच्या पट्ट्या कोंबल्या, त्यावर इपॉक्सी. ते सांधे आजही जसेच्या तसे आहेत.

इंजिनवर मी दोन महिने घालवले आणि त्याचा एक दिवसही वाया गेला असं वाटत नाही. दहनकक्षाच्या माथ्यावर १८ पेले आहेत, बाहेरच्या वर्तुळात १२, आतल्यात ६. किटने ते बरोबर दिले आहेत. या पेल्यांमधून इंधन फवारलं जायचं. एवढ्या मोठ्या इंजिनासाठी सपाट फवारा जमेना, म्हणून लहान इंजिनांचे जमलेले माथे एकत्र जोडून एक मोठा माथा केला, त्यातून हा आकार आला. अल्कोहोल दहनकक्षाच्या दुहेरी भिंतीतून फिरून वर जायचं आणि जाताना भिंत थंड ठेवायचं. दर सेकंदाला सव्वाशे किलोहून जास्त द्रव ढकलणारा पंप वाफेवर चालायचा आणि ती वाफ हायड्रोजन पेरॉक्साइडपासून तयार व्हायची. हे सगळं सुमारे ६५ सेकंदांपुरतं.

किटमधल्या नळ्या फारच ढोबळ निघाल्या. मी तांब्याची तार वाकवून नव्या केल्या. वरच्या अल्कोहोलच्या टाकीतून निघणारी जाड नळी खालच्या ऑक्सिजनच्या टाकीच्या मधोमध उतरते. उणे १८३ अंशांच्या द्रवातून अल्कोहोलची वाट! किटच्या आराखड्यात ही नळी टाकीच्या बाहेरून दाखवली आहे, ती तशी लावू नका. सूचनापत्रात ज्वालेतल्या चार पट्ट्यांनाही चंदेरी रंग द्यायला सांगितलंय. त्या ग्रॅफाइटच्या होत्या, म्हणून मंद काळपट करडा द्या. उड्डाणाच्या सुरुवातीला वेग कमी असताना बाहेरच्या सुकाणूंचा उपयोग नसतो, तेव्हा रॉकेट वळायचं ते या चार पट्ट्यांच्या जोरावर.

आता सांध्याबद्दल, कारण खरा मनस्ताप तिथे झाला. दोन कवचांमधली फट मी साध्या पुटीने भरली, घासली, प्रायमर मारला, आरशासारखी झाली. तिसऱ्या महिन्यात वरपासून खालपर्यंत केसासारखी रेघ उमटली. पुटी आकसली होती. सगळं खरवडून सुपरग्लूमध्ये टाल्क मिसळून भरलं, अर्ध्या तासाच्या आत घासलं (नंतर ते दगड होतं), आणि त्याला आता आठ महिने झाले, रेघ परतलेली नाही. दमट दिवसांत एका फिनची कड किंचित वाकली, ती मात्र तशीच आहे. फिन चिकटवण्याआधी दोन्ही बाजूंना सीलर लावला असता तर हे टळलं असतं. किटचा स्टँडही बदला. नाक जड असल्यामुळे जरा धक्का लागला की मॉडेल डुलतं. मी खाली पोलादाची जाड चकती बसवली.

रंगाबाबतीत माझं मत या काळात पूर्ण बदललं. किटमध्ये एकच रंगसंगती आहे: ३ ऑक्टोबर १९४२ रोजी पेनेम्युंडे या जर्मन रॉकेट-चाचणी केंद्राहून उडालेल्या आणि ८० किलोमीटरहून उंच गेलेल्या रॉकेटची. काळे-पांढरे चौकोन, शेपटीवर चंद्रकोरीवर बसलेल्या स्त्रीचं चित्र. चौकोन सजावटीसाठी नव्हते. उडताना रॉकेट स्वतःभोवती फिरतंय का हे चित्रफितीवर कळावं म्हणून ते रंगवलेले. डेकलची (मॉडेलवर चिकटवायच्या छापील चित्रांची) छपाई सुरेख आहे. आधी पांढरा, मग मास्किंग टेप, मग काळा असा क्रम ठेवलात तर कडा स्वच्छ येतात.

सहा महिने ते तसंच उभं होतं आणि येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "काय सुंदर आहे!" मला ते ऐकून बरं वाटेनासं झालं. किटसोबतच्या पुस्तिकेत अवकाशात पोहोचलेलं पहिलं रॉकेट म्हणून दोन पानं कौतुक आहे. मिटलबाऊ-डोरा या छळछावणीचं नावही नाही. ऑगस्ट १९४३ मध्ये पेनेम्युंडेवर बाँबहल्ला झाल्यावर उत्पादन नॉर्डहाउझेनजवळच्या डोंगरातल्या बोगद्यांत हलवलं गेलं. तिथे या छावणीतले कैदी राबले. सुरुवातीचे महिने ते त्या बोगद्यांतच झोपत होते. सुमारे ६०,००० कैदी त्या छावण्यांतून गेले आणि त्यातले जवळपास २०,००० मेले. या रॉकेटच्या माऱ्याने जितकी माणसं मेली, त्याहून जास्त ही. आणि मारा काही थोडा नव्हता: १६ डिसेंबर १९४४ रोजी बेल्जियममधल्या अँटवर्पच्या रेक्स चित्रपटगृहावर पडलेल्या एकाच रॉकेटने ५६७ जणांचा जीव घेतला. ते ध्वनीपेक्षा वेगाने यायचं, त्यामुळे स्फोटाआधी काही ऐकूच यायचं नाही.

मी डेकल काढली आणि पूर्ण मॉडेल गडद ऑलिव्ह हिरव्यात रंगवलं. युद्धाच्या शेवटच्या काळात रणांगणावर गेलेल्या रॉकेटांचा तो रंग. काळ्या रंगावर हिरवा चढेना म्हणून आधी करड्या प्रायमरचे दोन हात द्यावे लागले. खाली पट्टी लावली, तिच्यावर डोराचं नाव आणि वरचे आकडे आहेत.

विकत घ्यावं का? फक्त कपाटावर ठेवायला काही हवं असेल तर नको, तेवढ्यासाठी हे फार मोठं आणि फार कष्टाचं आहे. आतलं यंत्र समजून घ्यायचं असेल तर याहून चांगला मार्ग मला मिळाला नाही. उघडणाऱ्या बाजूची चुंबकं रोज काढघाल करूनही घट्ट आहेत. परवा एका लहान मुलीने विचारलं, "यात माणूस कुठे बसायचा?" मी कवच काढलं आणि वरून खाली बोट नेत सांगितलं: नाकात जवळजवळ एक टन स्फोटकं, खाली दिशा धरणारी यंत्रं, मग अल्कोहोल, मग ऑक्सिजन, मग इंजिन. तिने सगळं नीट पाहिलं, मग खाली वाकून पट्टी वाचली आणि बोगद्यांबद्दल विचारत बसली.