पाय भक्कम, पाठ वाकडी : हौशी सीएनसीसाठी घेतलेले जुळणीचे वर्कबेंच

छंद म्हणून वापरत असलेल्या सीएनसी राउटरखाली, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने कटर फिरवून लाकूड कोरणाऱ्या यंत्राखाली, ठेवण्यासाठी मी सुटे भाग जोडून उभे करायचे एक वर्कबेंच विकत घेतले, त्याला आता आठ महिने झाले. ४० मि.मी. चौरस पोलादी पाइपचा सांगाडा, वर १२०० बाय ९०० मि.मी. आकाराची आणि १८ मि.मी. जाडीची एमडीएफची (लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेली) फळी, आणि चारही पायांखाली एम-१० (१० मि.मी. व्यासाच्या) आट्यांचे, उंची जुळवता येणारे तळवे, असा हा ऐवज आहे. वेष्टनावर ‘मजबूत आणि सपाट’ असे छापलेले आहे. त्यातल्या पहिल्या विशेषणाबद्दल माझी फारशी तक्रार नाही.

भोके जागच्या जागी येतात, पाय ओळंब्यात आणि कोपरे गुण्यात बसतात, आणि एकट्या माणसाला दीड तासात जुळणी करता येते. उणीव एवढीच, की तिरका आधार कुठेच दिलेला नाही, त्यामुळे गँट्री (कटर वाहून नेणारी सरकती कमान) वेगाने दिशा बदलते तेव्हा सगळे मेज लांबीच्या दिशेने झुलते. चार बोल्टवर उभा असलेला चौकोन कलणारच. मागच्या दोन पायांना १२ मि.मी. प्लायवूडचा आख्खा तक्ता बोल्टने आवळला आणि झुलणे जवळजवळ थांबले. तरी या झुलण्याचा लोक जितका धसका घेतात तितका मी घेत नाही, कारण कटर आणि लाकूड दोन्ही त्याच मेजावर असल्याने ती पुष्कळशी एकत्रच हलतात. त्रास होतो तो आवाजाचा आणि सैल होणाऱ्या बोल्टचा.

खरा शत्रू पीळ आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. मशीन बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात मोठ्या आकाराचे कोरीवकाम केले, तेव्हा एका कोपऱ्यात खोबण खोल आणि शेजारच्या कोपऱ्यात उथळ येऊ लागली. पाणसळ ठेवली तर बुडबुडा मधोमध. पाणसळ जिथे ठेवू तिथला तेवढाच उतार सांगते, आख्खा पृष्ठभाग एका प्रतलात आहे की नाही हे सांगत नाही. मग चारही कोपऱ्यांवर एकाच जाडीचे ठोकळे ठेवून कर्णांवर दोन बारीक दोरे ताणले. पृष्ठभागाला पीळ नसेल तर हे दोरे मध्यभागी एकमेकांना जेमतेम स्पर्श करतात. माझ्याकडे त्यांच्यात दीड मि.मी. फट होती. मध्यावरची फट दुप्पट केली की चौथा कोपरा उरलेल्या तिघांच्या प्रतलापासून किती सुटला आहे ते कळते, म्हणजे माझा कोपरा ३ मि.मी. खाली होता. दोष अंशतः जमिनीचा, पण त्याहून अधिक माहितीपत्रकाचा : त्यात सगळे बोल्ट घट्ट आवळून झाल्यावर तळवे जुळवायला सांगितले आहे. तोवर जमिनीचा खड्डा सांगाड्यात कायमचा आवळला गेलेला असतो. मी सगळे बोल्ट सैल केले, तो तळवा सुमारे दोन फेरे फिरवला (एम-१०च्या नेहमीच्या आट्यांत एका फेऱ्याला दीड मि.मी. उंची मिळते), दोरे जुळले आणि मगच बोल्ट पुन्हा आवळले.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो : मेज वाकडे असेना का, मशीननेच स्पॉइलबोर्ड (कामाच्या लाकडाखाली ठेवायचा, कटर लागला तरी चालेल असा तक्ता) तासून घेतला की झाले. हा अर्धाच खरा आहे. तासलेला स्पॉइलबोर्ड कटरच्या चालीला समांतर होतो हे बरोबर, पण ॲल्युमिनियमच्या हलक्या सांगाड्याचे मशीन पिळलेल्या मेजावर आवळले की त्याचे रूळही पिळतात, कटरची चालच पिळलेली होते आणि स्पॉइलबोर्ड त्या पिळाची इमानदार नक्कल करतो. त्यावर सपाट फळी ठेवली की ती डगमगते.

आता मेजाच्या पाठीविषयी. १८ मि.मी. एमडीएफला मध्ये एकही आडवी पट्टी नाही, आणि एमडीएफ सततच्या ओझ्याखाली हळूहळू वाकत जाते. तीन महिन्यांनी सरळपट्टी आडवी ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) घातले तर मध्यभागी ०.८ मि.मी. बाक निघाला. मेज म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूत ही काटकसर मला अक्षम्य वाटते. फळी काढून टाकली आणि तिच्या जागी टॉर्शन बॉक्स बसवला : वर-खाली १२ मि.मी. एमडीएफ आणि मध्ये ७५ मि.मी. उंचीच्या पट्ट्यांची, १५० मि.मी. चौकड्यांची जाळी. भरीव फळीची जाडी दुप्पट केली तर ताठरपणा आठपट होतो. पोकळ पेटीत तोच लाभ थोड्या वजनात मिळतो, कारण वाकण्याला विरोध मुख्यतः वरची आणि खालची कातडी करते. मात्र गोंद सुकताना पेटी ज्या पृष्ठभागावर असेल त्याचाच आकार ती कायमची धरून बसते, म्हणून दोऱ्यांनी तपासलेल्या जागीच ती चिकटवावी. सगळ्या कडांना पॉलियुरेथेनचे दोन हात दिले, कारण एमडीएफ ओल पिते ती कडांतून.

तेव्हा सांगाड्यासाठी घ्यायला हरकत नाही, फळीसाठी मुळीच नाही. आणि केवळ सांगाडाच वेगळा मिळत असेल तर तोच मागवावा. सोबत आलेले वॉशर इतके पातळ आहेत की नट आवळताना त्यांची बशी होते, तेही बदलून टाकावेत. मी प्रत्येक नटापासून पाइपवर रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवली आहे; रेघ तुटलेली दिसली की तो नट सैल झाला असे समजायचे. पहिल्या महिन्यात सहा तुटल्या, जाड वॉशर घातल्यापासून एकही नाही.