वखारीतलं विमान

निपाणीतल्या जुन्या तंबाखूच्या वखारीत विमान ठेवलंय, असं कुणी सांगितलं तर तुम्ही हसाल. मी गाडी काढली.

बेळगावच्या उद्यमबागेत माझं फायबरच्या साच्यांचं छोटं वर्कशॉप आहे. अमेरिकन विमानरचनाकार बर्ट रुतान यांच्या लाँग-ईझीचं, नकाशे घेऊन घरीच बांधायच्या छोट्या विमानाचं, वेड जुनंच. नाकाशी छोटा पंख, इंजिन मागं, 115 अश्वशक्तीत ताशी जवळजवळ 300 किलोमीटर. साचासुद्धा लागत नाही. फोम गरम तारेनं कापायचा, वर काचेचं कापड आणि ते चिकटवून कडक करणारं इपॉक्सी रेझिन. फायबरवाल्याला वाटणारच, यात काय अवघड!

विकणाऱ्याचं आजोळ कोगनोळीचं निघालं, माझ्या आईचं माहेरही तिथलंच. कन्नड पाट्यांच्या मुलखात कुणी आपल्या बोलीत ‘या की दादा, चहा घ्या’ म्हटलं की आपण निम्मे तिथंच विकले जातो. ‘सत्तर टक्के काम झालंय,’ म्हणाला. सव्वातीन लाख रोख दिले, पावती कच्ची. सांगाडा आणि एक पंख लगेच, दुसरा पंख महिन्याभरात. वर त्याच्या पोरांना कुंदाही मीच नेला होता!

मूळ नकाशांच्या प्रत्येक संचावर क्रमांक असतो, एका संचावर एकच विमान. रुतान यांनी ते विकणं 1985 सालीच थांबवलं. याच्याकडं बिनक्रमांकाची झेरॉक्स. कामाची नोंदवही, थरागणिक काढलेले फोटो मागितले, तर ‘2019 च्या पुरात गेलं सगळं.’ पुराचं नाव निघालं की आमच्याकडं पुढं कुणी विचारत नाही. मीही नाही विचारलं.

सांबऱ्याहून हवाई दलातले एक निवृत्त काका बघायला आले. पंखावरचा रंग आरशासारखा. त्यांनी खिशातलं नाणं काढलं आणि टकटक करत पुढं सरकले. टण, टण, टण, आणि मग बद्द. चार बोटं पुढं पुन्हा बद्द. तिथं कापलं, तर कातडीखाली फोमच नाही. मूठ जाईल एवढी पोकळी, कडा वितळलेल्या. आणि तो वास! वीस वर्षं नाकात बसलेला, पॉलिएस्टर रेझिनचा. टाक्यांना ते चालतं, स्वस्त पडतं. पण त्यातलं स्टायरिन थर्माकोल खातं, आणि पंखातला निळा फोम थर्माकोलचाच भाऊबंद. खालचा थर इपॉक्सीचा होता, वर पैसे वाचवायला पॉलिएस्टर. बारीक छिद्रांतून ते आत उतरलं. खड्ड्यांवर पुट्टी, पुट्टीवर रंग. हे त्याच्यापेक्षा मला जास्त कळायला हवं होतं, लाज त्याचीच वाटते.

फोन आता लागत नाही. ठाण्यात तक्रार लिहून घेणाऱ्यानं दोनदा विचारलं, ‘विमाना?’

परवा कळलं, तो दुसरा पंख संकेश्वरकडच्या एकाला दाखवून ठेवलाय. ते तुम्ही असाल तर वखारीत जाताना खिशात नाणं असू द्या, आणि बद्द वाजेल तिथं कापू देतो का, ते विचारा.