गुलाबाला निंबोळी पेंड: पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा काढल्यावर

मागच्या वर्षी वळीव पडले तेव्हा गुलाबांना निंबोळी पेंड, म्हणजे कडुनिंबाच्या बियांचं तेल काढल्यावर उरणारा चोथा, घालायला सुरुवात केली आणि या उन्हाळ्यापर्यंत ती चालू ठेवली. घर बेळगावजवळ हिंडलग्याला, माती तांबडी. परसात डबल डिलाईट आणि ग्लॅडिएटरची कलमं, गच्चीवर कुंड्यांत गावठी गुलाबी. निकाल आधीच सांगते. मुळांना आणि मातीला ही पेंड फार मानवते. पानांवरच्या रोगाला तिचा काही उपयोग होत नाही. दुकानात मात्र "सगळ्यावर चालते" असं सांगूनच पोतं हातात देतात, म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

आपल्याकडे गुलाबाचा खरा वैरी म्हणजे पावसाळा. झड लागली की दिवसच्या दिवस पानं सुकत नाहीत, आणि काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला पान सलग सातेक तास ओलं मिळालं की तेवढं पुरतं. ठिपक्याभोवती पान पिवळं पडतं, खालून गळायला लागतं आणि श्रावणापर्यंत झाडाच्या नुसत्या काड्या उरतात. पेंड घातलेल्या झाडांवर ठिपके आले, न घातलेल्यांवरही आले, तितकेच. त्यावर चाललं ते वेगळंच: गळलेलं प्रत्येक पान वेचून बाहेर टाकणं, बुंध्याजवळची पानं काढून हवा खेळती ठेवणं आणि पावसाने उघडीप दिली की लिटरला दोन ग्रॅम मॅन्कोझेब हे बुरशीनाशक फवारणं. पेंडीच्या भरवशावर हे सोडू नका.

पेंडीचा गुण दिसला तो पाऊस सरल्यावर. दसऱ्यानंतर छाटणी केली, बुंध्यापासून वीतभर लांब आळं उकरलं आणि जमिनीतल्या झाडाला साधारण शंभर ग्रॅम, बारा इंची कुंडीला दोन मोठे चमचे पेंड शेणखतात मिसळून मातीआड केली. छाटणीनंतर सहा-सात आठवड्यांनी फुलं येतात, तशी आलीच. पण यंदा बुंध्यातून जाड, तांबूस फुटवे निघाले आणि डिसेंबरच्या थंडीत ग्लॅडिएटरची फुलं लांब दांड्यावर उभी राहिली. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून विचारायच्या, "काय घालतासा वो गुलाबाला?" मला मनापासून आनंद व्हायचा, कारण ही झाडं आधीच्या हिवाळ्यात अगदी रोडावली होती.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पेंडीत नत्र तसं थोडंच, पण ते हळूहळू सुटतं. शिवाय कडुनिंबातले कडू घटक मातीतल्या नत्राचं नायट्रेट होण्याचा वेग कमी करतात. नायट्रेट पाण्याबरोबर चटकन वाहून जातं, म्हणून पाणी झिरपणाऱ्या आपल्या तांबड्या मातीत याचा फायदा जास्त. देशात २०१५ पासून युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला, त्यामागे हाच गुण आहे. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींनाही, म्हणजे मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमींनाही, पेंड आवरते. कुंडी बदलताना गावठी गुलाबाची मुळं पांढरी, भरगच्च निघाली.

मातीत राहून मुळं खाणाऱ्या हुमणीबद्दल मात्र सावध राहा. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना ही अळी काय करते ते सांगायला नको. बरेच जण पेंड घातली की निर्धास्त होतात. पण वळीव झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंबाच्याच झाडावर बसून पाला खातात, तेव्हा नुसत्या पेंडीने ते पळतील अशी आशा धरण्यात अर्थ नाही. अळ्या बहुतेक कच्च्या शेणखतातून येतात. खत पूर्ण कुजलेलंच घ्या, चाळा, दिसेल ती अळी वेचा.

खरेदी करताना वास घ्या. घाण्यावर तेल काढलेल्या पेंडीत थोडं तेल उरतं, तिचा वास उग्र असतो. एका दुकानातली पेंड मला भुशासारखी हलकी आणि जवळजवळ बिनवासाची मिळाली, ती झाडांना घातली नाही. मूठभर पेंड पाण्यात ढवळून पाहिली की वाळूची भेसळ तळाशी बसते. पेंड उघड्यावर राहिली तर ओलाव्याने तिच्यावर पांढरी बुरशी धरते. ती झाडाला त्रास देत नाही, पण दिसायला वाईट, म्हणून मातीआड करणंच बरं. शेंगपेंडीला उंदीर आणि कुत्री माती उकरतात, तो त्रास हिच्यात नाही. गच्चीवर चार दिवस वास राहतो, तो मात्र सोसावा लागतो.

माझ्या नणंदेनेही अथणीला हीच पेंड वापरली. तिकडे काळी माती, पाऊस बेताचा. काळे ठिपके तिच्याकडे नावालाच, पण उन्हाळ्यात पानांमागे लाल कोळी आणि बारीक जाळी. पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरात फवारा, तोही सकाळी, याचा तिला जास्त उपयोग झाला. कोरड्या मातीत पेंड कुजतच नाही, तशीच पडून राहते, म्हणून तिला ती घातल्यावर लगेच भरपूर पाणी द्यावं लागलं. अथणी, चिकोडीकडच्यांनी हे ध्यानात ठेवावं. खानापूरकडे पाऊस आमच्याहून कितीतरी जास्त, तिथे भर पावसात पेंड घालू नये असं मला वाटतं. आळ्यात पाणी तुंबलं की ती आंबते आणि मुळांना धग लागते.

यंदाही घेणार आहे. थोडी मिरगाच्या आधी, बाकीची सगळी दसऱ्याच्या छाटणीला. फक्त ठिपके किंवा मावा जावा म्हणून कोणी घेत असेल तर घेऊ नये. झाड जुनं असेल, माती दमलेली असेल आणि सहा तास ऊन मिळत असेल, तर जरूर घ्या.