घर खरं, मालकीण खरी, निरोप खोटा: माल्टाच्या नाताळचं बुकिंग आणि गेलेले पैसे

नाताळात माल्टा, सायप्रस, सिसिली अशा ठिकाणी जायचा बेत करणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी हे वाचावं, म्हणून लिहिते आहे. आमच्या घरातून 1,120 युरो गेले, म्हणजे तेव्हाच्या दराने लाखाच्या वर रुपये. ते कुठल्या भलत्यासलत्या वेबसाइटवर बुकिंग करून गेले नाहीत. घर खरं होतं, फोटो खरे होते, मालकीण खरी होती, तिचा परवानाही खरा होता. नावाजलेल्या बुकिंग ॲपवर, त्याच ॲपच्या चॅटमध्ये, मालकिणीच्याच नावाने आलेल्या निरोपावरून हे पैसे गेले. ‘ओळखीच्या ॲपवरूनच बुकिंग करा’ हा सल्ला आम्ही पाळला होता, आणि तरीही असं झालं.

आम्ही वसईचे. डिसेंबर लागला की आमच्याकडे घरोघरी ख्रिस्तजन्माच्या गोठ्याची तयारी सुरू होते आणि गोठ्यातल्या हिरवळीसाठी नाचणी पेरली जाते. माल्टातही असंच पेरतात. तिथे कापसावर गव्हाचं किंवा कडधान्याचं बी पसरून ताटल्या अंधारात ठेवतात. उजेड न मिळाल्याने कोंब हिरवे न येता पांढरेशुभ्र आणि लांब वाढतात. त्याला जुल्बिएना म्हणतात आणि ते बाळ येशूभोवती मांडतात. मध्यरात्रीच्या मिसेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, एखादं लहान मूल पाठ केलेलं प्रवचन देतं, आणि मिसा संपली की चेस्टनट आणि कोको घातलेलं गरमगरम इम्बुल्यूता पितात. गोझो हे माल्टाचं धाकटं बेट. तिथे आइन्सिएलम गावच्या शेतात जिवंत गोठा उभारण्याची प्रथा आहे. गावची माणसंच मेंढपाळ, सुतार, लोहार होऊन बसतात. हे सगळं सासूबाईंनी पॅरिशमधल्या एका बाईंकडून ऐकलं आणि त्यांच्या मनात ते घर करून बसलं. त्यांनी कधी स्वतःसाठी काही मागितलेलं नाही. म्हणून यंदा जायचंच, असं आम्ही ठरवलं.

गोझोवर जुनी, पिवळसर चुनखडी दगडाची शेतघरं भाड्याने मिळतात. शारा गावातलं असं एक घर आम्ही सप्टेंबरातच घेतलं, 22 ते 29 डिसेंबर. माल्टा शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत) असल्याने व्हिसासाठी राहण्याच्या सोयीचा पुरावा लागतो, म्हणून इतकी घाई. बुकिंगच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: आता काही भरायचं नाही, पैसे घरी पोचल्यावर.

मालकिणीशी चॅटवर बोलणं सुरू झालं. तिचे निरोप मला आजही आठवतात. हिवाळ्यात दगडी घर आतून ओल धरतं, तेव्हा जाड पायमोजे आणा. हीटरची वीज मीटरप्रमाणे वेगळी द्यावी लागेल, ते आधीच सांगते, नंतर वाद नको. माल्टाकडच्या चिरकेव्वाहून बोटीत बसताना तिकीट मागणार नाहीत, परतताना गोझोच्या इम्जार धक्क्यावर पैसे घेतात, तेव्हा गोंधळू नका. डिसेंबरात पाऊस असतो, समुद्रात उतरायचा विचार करू नका. इंग्रजीत चुका होत्या, पण वाक्यावाक्यात त्या बेटावर राहणारं माणूस होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी, शनिवारी रात्री, त्याच चॅटमध्ये, तिच्या शेवटच्या निरोपाच्या खालीच नवा निरोप आला. सुरुवातीला ‘प्रिय पाहुणे’. मग मजकूर असा: नाताळच्या आठवड्यात खोटी बुकिंग फार होतात, त्यामुळे तुमचं कार्ड पडताळावं लागेल. पडताळणी झाली की व्हिसासाठीचं निवासपत्र आपोआप ईमेलने येईल. रक्कम फक्त राखून ठेवली जाईल, कापली जाणार नाही. चोवीस तासांत न केल्यास बुकिंग रद्द होईल आणि ते रद्द झाल्याची नोंद व्हिसा कार्यालयाला जाईल. खाली लिंक.

या निरोपाची रचना किती विचारपूर्वक केलेली आहे ते बघा. पाहुणे भारतातून येत आहेत हे चोरांना बुकिंगमधून कळलेलं. भारतीय माणसाचा जीव व्हिसात अडकलेला असतो, हेही ठाऊक. व्हिसाची फी माणशी 90 युरो, निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा, अपॉइंटमेंट, बँकेचे उतारे, हे सगळं ज्याने गोळा केलंय तो ‘बुकिंग रद्द’ हे दोन शब्द वाचून हादरतोच. राहण्याच्या सोयीचा पुरावा लागतो हे खरं, पण तो कार्ड पडताळून मिळवायचा असतो असा नियम कुठेही नाही. आपलं बुकिंग चालू आहे हे दाखवणारा साधा कागद पुरतो, आणि तो आमच्याकडे सप्टेंबरपासून होता.

लिंक उघडल्यावर आलेलं पान ॲपच्या पानासारखंच दिसत होतं. तेच रंग, घराचा तोच फोटो, नवऱ्याचं पूर्ण नाव, आमच्या तारखा, शेवटच्या युरोपर्यंत बरोबर रक्कम. कोपऱ्यात मदतीसाठी चॅटची खिडकी, आणि तिच्यात कुणीतरी चटाचट उत्तरं देत होतं. कार्डाचा नंबर टाकला, ओटीपी आला, तो टाकला. पान थोडा वेळ फिरलं आणि म्हणालं, पडताळणी अयशस्वी, कृपया दुसरं कार्ड वापरा.

तेव्हा माझ्या दिराने फोन हातात घेतला आणि ओटीपीचा एसएमएस नीट वाचला. त्यात बुकिंग ॲपचं नाव नव्हतंच. भलत्याच कुठल्या कंपनीचं नाव होतं आणि ‘राखून ठेवणे’ वगैरे काही नव्हतं, सरळ 1,120 युरोंची खरेदी होती. बँकेच्या हेल्पलाइनवर आम्ही वाट बघत असतानाच 640 युरोंचा दुसरा व्यवहार झाल्याचा एसएमएस आला, आणि त्यासाठी ओटीपी मागितलाच गेला नाही. हे पुष्कळांना माहीत नसतं: ओटीपीसारख्या जादा पडताळणीची सक्ती आपल्या देशातल्या व्यवहारांना आहे. परदेशातले अनेक विक्रेते भारतीय कार्डावर नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे घेऊ शकतात. कार्डाचा तपशील एकदा चोराच्या हाती गेला की ओटीपी न देऊनही भागत नाही. कार्ड बंदच करावं लागतं.

कार्ड बंद झालं. लगेच 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन केला आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी सायबर पोलिसांकडे गेलो. तिथे मिळालेला एक सल्ला सगळ्यांनी लक्षात ठेवावा: चॅटचे स्क्रीनशॉट आधी काढा. आम्ही रात्रीच काढले होते म्हणून बरं, कारण सकाळपर्यंत तो निरोप चॅटमधून नाहीसा झाला होता.

सकाळी मालकिणीचा फोन आला. तिचा आवाज थरथरत होता. तिला काही दिवसांपूर्वी एक ईमेल आलं होतं, ‘पाहुण्याची तक्रार आली आहे, कृपया पाहा’ अशा आशयाचं. त्यातली फाईल उघडल्यावर तिच्या संगणकातून ॲपचा पासवर्ड गेला. चोराने तिच्या खात्यात शिरून डिसेंबरातल्या सगळ्या पाहुण्यांना तसाच निरोप पाठवला होता, ज्याच्या त्याच्या नावानिशी, ज्याच्या त्याच्या रकमेसह. मला तिचा राग आला नाही. तिने तिकडच्या पोलिसांत तक्रार दिली आहे आणि तिची प्रत आम्हाला पाठवली आहे. राग आला तो ॲपच्या ग्राहकसेवेचा. ‘व्यवहार आमच्या यंत्रणेबाहेर झाला’ एवढं एक वाक्य लिहून त्यांनी हात वर केले. निरोप त्यांच्याच चॅटमधून आला, त्यांच्याच चिन्हाखाली आला, आणि अनोळखी पत्त्याची लिंक त्यांनी ना अडवली ना तिच्यावर कसली सूचना लावली. पाहुण्याने विश्वास ठेवला तो त्या चिन्हावरच ना?

आता पैशांचं. 640 युरो परत आले. ओटीपीशिवाय झालेला परदेशी व्यवहार ग्राहकाने नाकारला, तर त्याचा भार सहसा विक्रेत्यावर जातो, त्यामुळे तिथे चार्जबॅक, म्हणजे विक्रेत्याकडून पैसे परत घेणं, लागू झालं. 1,120 युरो मात्र अडकले. ‘ओटीपी ग्राहकाने स्वतः दिला’ असं बँकेचं म्हणणं. रिझर्व्ह बँकेच्या 2017च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या हातून तपशील गेला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून तक्रार क्रमांक आणि त्याची वेळ लिहून ठेवणं फार महत्त्वाचं. ग्राहकसेवेतला माणूस ‘नोंद केली’ म्हणाला तरी क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

पुष्कळजण आता विचारतात की घर खरं आहे की नाही हे तपासलं होतं का. तपासलं होतं. माल्टात घर पर्यटकांना भाड्याने द्यायला तिथल्या पर्यटन प्राधिकरणाचा परवाना लागतो. त्याचा क्रमांक जाहिरातीत होता आणि तो बरोबरही होता. नकाशावर घर होतं, वर्षानुवर्षांचे अभिप्राय होते. या प्रकारात घर तपासून काही हाती लागत नाही, कारण चोराने घराला हातच लावलेला नसतो. तपासायची असते ती पैशाची वाट: पैसे कधी, कुठे आणि कोणाच्या नावावर जाणार हे बुकिंगच्या मूळ कागदात लिहिलेलं असतं. त्याच्यापेक्षा वेगळं काहीही, कोणीही, कुठेही सांगितलं की हात आखडायचा आणि मालकाला फोन लावायचा. चॅटवर विचारून उपयोग नाही, कारण तिथे उत्तर द्यायला चोरच बसलेला असतो. फोन नंबर पूर्वीच्या कन्फर्मेशनमधून घ्या, नव्या निरोपातून घेऊ नका.

लिंकचा पत्ता कसा वाचायचा तेही घरातल्या प्रत्येकाला शिकवा. आमच्या लिंकमध्ये ॲपचं नाव होतं, अगदी सुरुवातीलाच, म्हणून ते नजरेत भरलं. पण पत्त्याचा खरा धनी सुरुवातीला नसतो. पहिली एकेरी तिरपी रेघ शोधायची आणि तिच्या लगेच आधीचं, टिंबाने जोडलेलं नाव वाचायचं. तिथे आमच्या ॲपचं नाव नव्हतं, आडव्या रेघांनी जोडलेले कसलेतरी शब्द होते. मोबाइलवर पत्ता अर्धा कापून दिसतो, म्हणून त्यावर बोट दाबून पूर्ण उघडून बघावा लागतो.

आणि कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद ठेवता येतात, मर्यादाही घालता येते. 2020पासून नव्या कार्डांवर ते मुळात बंदच असतात, पण आपण एकदा विमानाच्या तिकिटासाठी चालू करतो आणि तसेच ठेवतो. आमचंही तिकिटांनंतर चालूच होतं. काम झालं की त्याच क्षणी बंद करा.

आमचं मूळ बुकिंग अजून कायम आहे. मालकिणीने ते लेखी कळवलं आणि पैसे ठरल्याप्रमाणे पोचल्यावरच घेईन म्हणाली. हीटरची वीज ती आता आमच्याकडून घेणार नाही. मी नको म्हटलं तरी तिने ऐकलं नाही. व्हिसाचे कागद त्याच जुन्या कन्फर्मेशनवर दिले आणि कुणीही कार्डाची पडताळणी मागितली नाही. बँकेने दिलेलं उत्तर आम्हाला मान्य नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केला आहे; बँकेने तक्रार फेटाळली किंवा तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर तिथे फुकट दाद मागता येते. ओटीपीच्या एसएमएसमध्ये विक्रेत्याचं नाव बारीक अक्षरात शेवटी येतं, हा मुद्दा आम्ही अर्जात मुद्दाम घातला आहे.

अशाच मजकुराचा निरोप ज्यांना आला असेल त्यांनी पैसे गेले नसले तरी 1930वर कळवा आणि आपल्या यजमानाला फोन करून सांगा. आमच्या मालकिणीला आपलं खातं फुटल्याचं त्या रात्री कळलं ते एका दुसऱ्या पाहुणीने पैसे न भरता आधी तिला फोन केला म्हणून, आणि त्या एका फोनमुळे डिसेंबरातल्या बाकीच्या पाहुण्यांना वेळेत कळवता आलं.